संमती आणि शरणागती : १९७९ चे खुले पत्र आणि विधिशिक्षणाचा वर्ग

बलात्काराच्या खटल्यातील एखादा न्यायनिर्णय विधिमहाविद्यालयाच्या वर्गात वाचला जातो, तेव्हा चर्चेच्या आरंभीच काही ठरावीक प्रश्न उपस्थित होतात. ती ओरडली का नाही? तिच्या अंगावर जखमा का नव्हत्या? तिचे पूर्वायुष्य कसे होते? हे प्रश्न विचारणारा विद्यार्थी बहुधा दुष्ट हेतूने विचारीत नाही. आपण केवळ व्यवहारबुद्धीचा प्रश्न विचारीत आहोत, अशीच त्याची समजूत असते. परंतु ही व्यवहारबुद्धी स्वयंभू नव्हे. तिला दीर्घ इतिहास आहे, आणि त्या इतिहासात न्यायाधीश, वैद्यक व विधिशिक्षक ह्या तिघांचाही वाटा आहे. तो इतिहास स्पष्टपणे उलगडून दाखविणारी घटना महाराष्ट्रातीलच आहे. 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' ह्या नावाने विधिग्रंथांत नोंदलेला खटला व त्यावर चार विधिशिक्षकांनी लिहिलेले खुले पत्र, ही ती घटना होय.

प्रथम वस्तुस्थिती पाहावी. २६ मार्च १९७२ रोजी रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एक आदिवासी मुलगी आपल्या भावासह आली होती. ती पोरकी असून मोलमजुरी करून राहत असे. तिचे वय वैद्यकीय मतानुसार चौदा ते सोळा वर्षांच्या दरम्यान होते. एका तरुणाशी तिचा संबंध जुळला होता व तिला पळवून नेल्याची तक्रार भावाने दिली होती. जबाब घेऊन झाल्यावर इतरांना जाण्यास सांगण्यात आले आणि मुलीला मात्र थांबवून घेण्यात आले. त्यानंतर एका शिपायाने ठाण्याच्या आवारातच आपल्यावर बलात्कार केला व हेड कॉन्स्टेबलने विनयभंग केला, अशी तिची फिर्याद होती. ठाण्याबाहेर लोकांचा जमाव जमला, तेव्हाच तक्रार नोंदवून घेण्यात आली. वैद्यकीय तपासणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, म्हणजे सुमारे वीस तासांनी झाली. तीत जखमा आढळल्या नाहीत.

ह्या मुलीचे नाव त्या काळी निर्णयांत व वृत्तपत्रांत उघडपणे छापले गेले आणि पुढे तेच खटल्याचे लोकप्रसिद्ध नाव झाले. पीडितेची ओळख प्रकट करणे हा अपराध होय, असे विधान कायद्यात आले ते १९८३ मध्ये, आणि तेही ह्याच खटल्यातून निर्माण झालेल्या दुरुस्तीने. म्हणून येथे तिचा निर्देश केवळ 'मुलगी' असा केला आहे.

तीन न्यायालयांनी ह्या एकाच पुराव्याचे वाचन तीन प्रकारे केले. चंद्रपूरच्या सत्र न्यायाधीशांनी १ जून १९७४ रोजी आरोपींना निर्दोष ठरविले. मुलगी सोळा वर्षांखालील असल्याचा समाधानकारक पुरावा नाही, ती संभोगास सरावलेली आहे व धडधडीत खोटे बोलणारी आहे, असा त्यांचा अभिप्राय होता. संभोग आणि बलात्कार ह्यांत महदंतर आहे, असेही त्यांनी नमूद केले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १२ ऑक्टोबर १९७६ रोजी हा निर्णय फिरविला. शिपायाला पाच वर्षांची व हेड कॉन्स्टेबलला एक वर्षाची सक्तमजुरी दिली. आरोपी पोलीस, स्थळ पोलीस ठाणे, मुलगी त्यांना सर्वस्वी अपरिचित. अशा स्थितीत भीतीपोटी निमूटपणे देह स्वाधीन करणे म्हणजे संमती नव्हे, असे खंडपीठाने म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर १९७८ रोजी दोघांनाही मुक्त केले. न्या. कोशल ह्यांनी लिहिलेल्या ह्या निर्णयाचा भर मुख्यत्वे तीन गोष्टींवर होता : अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, सोबतचे लोक जवळ असताना मुलीने त्यांच्याकडे धाव घेतली नाही, आणि मृत्यूची अथवा इजेची भीती घातली गेल्याचे सिद्ध झालेले नाही. ह्यावरून सारा प्रकार शांततेत पार पडला, असे अनुमान काढण्यात आले.

येथे इतिहासाचा प्रश्न उपस्थित होतो. हे अनुमान आले कोठून? त्याचे एक मूळ इंग्लंडमधील सर मॅथ्यू हेल ह्या न्यायाधीशाच्या ग्रंथात आहे. हेल १६७६ मध्ये निवर्तला व त्याचा ग्रंथ १७३६ मध्ये प्रसिद्ध झाला. बलात्काराचा आरोप करणे सोपे, परंतु निर्दोष माणसाला त्याचे निवारण करणे कठीण, हा त्याचा सावधगिरीचा इशारा पुढे न्यायालयांत जणू सूत्ररूप पावला. दुसरे मूळ १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमात आहे. फिर्यादी स्त्री सर्वसाधारणपणे अनैतिक चारित्र्याची होती असे दाखविण्याची मुभा त्याच्या कलम १५५ (४) ने आरोपीला दिली होती. तिसरे मूळ न्यायवैद्यकातील त्या परीक्षेत आहे, जिच्यात बोटांच्या साह्याने स्त्री 'सरावलेली' आहे किंवा नाही हे ठरविले जाई. ह्या तिन्ही गोष्टींचा परिपाक असा झाला, की न्यायालयात आरोपीच्या कृतीपेक्षा स्त्रीचे वर्तनच अधिक बारकाईने तपासले जाऊ लागले. वर्गातील विद्यार्थ्याचा 'साधा' प्रश्न ह्या परंपरेचाच दूरचा वारस होय.

निर्णयाला एक वर्ष लोटल्यावर, १६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धागमवार ह्या चौघांनी भारताच्या सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. बक्षी, सरकार व केळकर दिल्ली विद्यापीठाशी, तर धागमवार पुण्याशी संबंधित होत्या. लोतिका सरकार ह्या भारतातील स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करून १९७४ मध्ये अहवाल देणाऱ्या समितीच्या सदस्य होत्या. पत्रलेखक चळवळीचे पुढारी म्हणून नव्हे, तर विधीचे अध्यापक म्हणून लिहीत होते, हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे. त्यांनी केले ते मूलतः निर्णयाचे काटेकोर वाचन होते.

त्या वाचनाचा गाभा एका भेदात आहे. संमतीत स्वाधीन होणे अंतर्भूत असते. परंतु प्रत्येक स्वाधीन होण्यात संमती नसते. भारतीय दंड संहितेच्या कलम ३७५ मध्ये 'संमतीविना' आणि 'भीती घालून मिळविलेल्या संमतीने' हे दोन पृथक् प्रकार होते. भीती सिद्ध झाली नाही, एवढ्यावरून संमती होती असे ठरत नाही; संमती होती का, हा प्रश्न स्वतंत्रपणेच विचारावा लागतो. पत्रलेखकांनी दुसरीही गोष्ट दाखवून दिली. स्त्रीला चौकशीसाठी ठाण्यात बोलाविण्याच्या प्रथेविषयी ह्याच न्यायालयाने १९७८ मधील नंदिनी सत्पथी प्रकरणात नापसंती व्यक्त केली होती. मात्र एका अल्पवयीन मजूर मुलीला रात्री ठाण्यात थांबवून घेतल्याबद्दल ह्या निर्णयात निषेधाचा एकही शब्द नव्हता. वय, दारिद्र्य, हक्कांचे अज्ञान आणि गणवेशाचा धाक ह्यांचा विचार न करता प्रतिकाराची अपेक्षा करणे म्हणजे कल्पनेतील स्त्रीवरून प्रत्यक्षातील मुलीची परीक्षा करणे होय.

पत्राचा परिणाम व्यापक झाला. ८ मार्च १९८० रोजी देशातील अनेक शहरांत स्त्रियांनी निदर्शने करून खटल्याच्या फेरविचाराची मागणी केली. सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय बदलला नाही. परंतु विधि आयोगाने १९८० मध्येच आपला ८४ वा अहवाल सादर केला, आणि १९८३ च्या दुरुस्तीने पुरावा अधिनियमात कलम ११४-अ आले. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात संभोग सिद्ध झाला आणि संमती नव्हती असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर न्यायालयाने तसे गृहीत धरावे, असे हे कलम सांगत होते. चारित्र्याविषयीचे कलम १५५ (४) मात्र २००२ च्या दुरुस्तीपर्यंत, म्हणजे एकंदर १३० वर्षे, टिकून राहिले. शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरूनच संमती मानता येणार नाही, हे वाक्य कायद्यात येण्यास २०१३ साल उजाडावे लागले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते कायम आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपरोक्त बोटांची परीक्षा करणे हे गैरवर्तन ठरविले आणि वैद्यकीय अभ्यासक्रमांतून ती वगळली जावी ह्यासाठी त्यांची फेरतपासणी करण्याचा आदेश दिला. पूर्वग्रह न्यायासनावर येण्यापूर्वी वर्गात शिकविला जातो, ह्याची ही एक प्रकारे न्यायालयीन कबुलीच म्हणावी लागेल.

ह्यावर एक गंभीर आक्षेप संभवतो, आणि वर्गात तो दडपून टाकणे योग्य नव्हे. संशयाचा फायदा आरोपीला देणे हे फौजदारी न्यायाचे अधिष्ठान आहे. फिर्यादीच्या कथनाची चिकित्सा करावयाचीच नाही, तर निरपराध माणसाचे रक्षण कसे होणार? आक्षेपाचा पूर्वार्ध निःसंशय खरा आहे. परंतु पुराव्याविषयीचा संशय आणि व्यक्तीविषयीचा संशय ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. कपड्यांवरील डाग काय दर्शवितात, आरोपी त्या वेळी कोठे होता, साक्षीत विसंगती आहे काय, हे पहिल्या प्रकारचे प्रश्न असून ते विचारलेच पाहिजेत. मुलीचे पूर्वी कोणाशी संबंध होते हा प्रश्न त्या रात्रीच्या संमतीविषयी काहीही सांगत नाही. तो पुराव्याचे स्थान पूर्वग्रहाला देतो. चोरीच्या खटल्यात फिर्यादीने पूर्वी कोणाकोणाला दानधर्म केला होता, असे कोणी विचारीत नाही.

म्हणून 'ती ओरडली का नाही?' असा प्रश्न वर्गात आला, तर विद्यार्थ्याला लज्जित करून गप्प बसविण्याने काही साधत नाही. त्याच्यापुढे नागपूर खंडपीठाचा व सर्वोच्च न्यायालयाचा असे दोन्ही निर्णय ठेवावेत, आणि ज्या पुराव्यावरून दोन उलट निष्कर्ष निघाले, त्यात वाचकाने स्वतःचे काय मिसळले, ते त्यालाच शोधावयास सांगावे. मग ठाण्यात दारे कोणी लावली, इतरांना बाहेर कोणी जाण्यास सांगितले, तपासणीस वीस तास का लागले, हे आजवर न विचारलेले प्रश्न आपोआप पुढे येतात. वर्गात बसलेल्यांपैकी एखादीने स्वतः असा प्रसंग भोगलेला असू शकतो, ह्याचेही भान अध्यापकाने सोडता कामा नये. तिच्यापुरते बोलावयाचे, तर त्या वर्गातील चर्चा हाही एक निर्णयच असतो.

देसाईगंजच्या त्या मुलीला न्याय मिळाला नाही. तिच्या खटल्यातून निर्माण झालेला कायदा इतरांच्या उपयोगी पडला. १९७९ च्या पत्राचे महत्त्व हे, की निर्णय अंतिम झाल्यावरही त्याचे वाचन अंतिम होत नाही, असे चार अध्यापकांनी दाखवून दिले. ते वाचन पुढे चालविणे हे ज्या स्थानी घडावयाचे, ते स्थान म्हणजे विद्यापीठाचा वर्ग होय.