सर्वधर्मसंवाद आणि धर्म न मानणारे : पुण्यातील एक पूर्वपरंपरा

मुळशी तालुक्यातील युनायटेड वर्ल्ड कॉलेजात १९९७ पासून देशोदेशींचे विद्यार्थी एकत्र शिकत आहेत. अशा परिसरातील सर्वधर्मसंवादात धर्म न मानणाऱ्यांचे स्थान कोणते, या प्रश्नाची पूर्वपीठिका पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आढळते. १८९२ मध्ये तेथे प्राचार्य झालेले गोपाळ गणेश आगरकर अज्ञेयवादी होते. त्यांच्या काळात तेथे शिकू लागलेले विठ्ठल रामजी शिंदे पुढे प्रार्थना समाजाकडे वळले व १९०१ मध्ये तौलनिक धर्माभ्यासासाठी ऑक्सफर्डला गेले. बुद्धिवादी र. पु. परांजपे प्राचार्य असताना बौद्ध पंडित धर्मानंद कोसंबी तेथे पाली शिकवीत. अश्रद्ध प्राचार्यांमुळे धर्मजिज्ञासेला बाधा आली नाही. म्हणून आजच्या संवादातून नास्तिकांना वगळणे या परंपरेशी विसंगत ठरेल.