शुक्तो : पहिल्या कडू घासाचा इतिहास

बंगाल म्हटलें कीं परप्रांतीयांच्या डोळ्यांपुढें मासे-भात आणि रसगुल्ला उभे राहतात. परंतु परंपरागत बंगाली भोजनाचा आरंभ या दोहोंपैकीं एकानेंहि होत नाहीं. तो कडू चवीनें होतो. दुपारच्या पानावर ऊन भाताबरोबर प्रथम वाढावयाची जी सौम्य कडवट भाजी, तिचें नांव शुक्तो. तिच्यामागून वरण, इतर भाज्या व मासे येतात, आणि शेवटीं मिष्टान्न. कडू रसानें तोंडास रुचि येते व उष्ण, दमट हवेंत पोट निवतें, अशी तिकडील जुनी समजूत आहे. रात्रीं ही भाजी करीत नाहींत.

हिचें कुळ जुनें आहे. १४८६ सालीं जन्मलेले चैतन्य महाप्रभु पुरीस राहत असतां, पाणिहाटीचे राघव पंडित यांची बहीण दमयंती त्यांच्यासाठीं दरवर्षीं खाद्यपदार्थांच्या झोळ्या भरून देई. त्यांत सुकुता नांवाची वाळविलेली कडू भाजी असे, असा उल्लेख कृष्णदास कविराजांच्या 'चैतन्यचरितामृतां'त आहे. शुक्तो हा शब्द त्या सुकुत्याशींच जोडला जातो. आजहि शुक्तोंत लाल मिरची घालीत नाहींत. मिरची पोर्तुगीजांबरोबर या देशांत आली; तिच्या पूर्वींच्या पाकपद्धतीची ही खूण म्हणतां येईल. मात्र आज या भाजींत पडणारें रताळें हेंहि मूळ अमेरिकेचेंच!

घरीं करावयाची रीत अशी. कारलें, कच्चें केळें, रताळें, वांगें, मुळा व शेवग्याच्या शेंगा यांच्या बोटभर लांब फोडी कराव्या. डाळीच्या वड्या तळून बाजूस ठेवाव्या. कारलें परतून तेंहि वेगळें काढावें, नाहींतर त्याचा कडूपणा साऱ्या भाजींत उतरतो. उरलेल्या तेलांत तमालपत्र आणि मेथी, कलौंजी, जिरें, बडिशेप व मोहरी या पांच जिनसांची फोडणी करावी. मोहरीच्या जागीं राँधुनी नांवाचें ओव्यासारखें बीं मिळाल्यास उत्तम. कठीण भाज्या आधीं व मऊ मागून परताव्या, आलें व मोहरी वाटून लावावी आणि पाणी घालून झांकण ठेवावें. फोडी शिजल्या कीं कारलें व वड्या सोडून, थोडें दूध व चिमूटभर साखर घालून मंद आंचेवर एक कढ द्यावा. उतरवितांना चमचाभर तूप घालावें. कांदा-लसूण वर्ज्य.

या वर्ज्यतेशीं एक कटु इतिहास निगडित आहे. उच्चवर्णीय बंगाली विधवेस मासे, मांस, कांदा, लसूण, इतकेंच काय पण मसुरीची डाळहि निषिद्ध होती. दिवसांतून एकच वेळ भात, आणि एकादशीस पाण्याचा थेंबहि नाहीं. बालविवाह व कुलीन ब्राह्मणांतील बहुपत्नीकत्व यांमुळें एका पुरुषाच्या मरणानें कित्येक मुलींच्या वाट्यास हें जिणें येई. ईश्वरचंद्र विद्यासागरांनीं त्याविरुद्ध लेखणी उचलली आणि १८५६ सालीं विधवाविवाहास कायद्याची मान्यता मिळाली. त्यांचा ग्रंथ विष्णुशास्त्री पंडितांनीं मराठींत आणला व महाराष्ट्रांतील चळवळीसहि त्यानें बळ दिलें.

कायदा झाला तरी चूल बदलली नाहीं. विधवेची चूल व भांडीं वेगळींच राहिलीं. शुक्तो कांहीं विधवांनीं निर्माण केली नाहीं. परंतु निरामिष स्वयंपाकास जी सूक्ष्मता आली, ती बहुतांशीं त्यांच्याच हातची. केळफूल, केळीचा गाभा, भोपळ्याच्या साली, पालेभाज्यांचे देंठ, अशा साध्या, कधीं टाकाऊ मानलेल्या जिनसांतून त्यांनीं चवीचें स्वतंत्र शास्त्र उभें केलें. पुढें ठाकूर घराण्यांतील प्रज्ञासुंदरी देवी यांनीं 'आमिष ओ निरामिष आहार' हा पाकग्रंथ लिहिला आणि तोंडीं चालत आलेली ही विद्या छापील झाली. जिच्या हातीं ती वाढली, त्या बायकांचीं नांवें मात्र बहुधा कोठेंच नोंदलेलीं नाहींत.

शुक्तोची प्रशंसा अवश्य करावी. पण तीबरोबर त्या निर्बंधाचीहि प्रशंसा करूं नये. निर्बंध त्या स्त्रियांनीं निवडला नव्हता. त्यांतून जें रुचकर निघालें, तें त्यांच्या बुद्धीचें. निर्बंध जावा आणि भाजी राहावी, एवढा विवेक या कडू घासानें शिकविला तरी पुष्कळ झालें.