भूकंपाचा जागल्या

कोयना, किल्लारी आणि जबलपूर ही ठिकाणे एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर असली, तरी ११ डिसेंबर १९६७, ३० सप्टेंबर १९९३ आणि २२ मे १९९७ या दिवशी तेथे झालेल्या भूकंपांची वेळ पहाटे चारच्या आगेमागेचीच आहे. हा निव्वळ योगायोग असला, तरी भूकंपनोंदीच्या साधनांचा इतिहास ज्या प्रश्नाभोवती घडला, तो रात्रीच्या पहाऱ्याचा प्रश्न त्यातून ठळकपणे दिसतो.

१८९७ च्या शिलाँग भूकंपानंतर देशात वेधशाळांमध्ये भूकंपलेखक बसू लागले आणि १८९९ च्या सुमारास मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत, नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस हे संचालक असताना, मिल्न या भूकंपशास्त्रज्ञाने रचलेले यंत्र आले. त्यातील आडव्या दोलकाच्या टोकाशी पडणारी प्रकाशाची तिरीप फिरत्या छायाकागदावर अखंड रेघ उमटवी, त्यामुळे यंत्र कधी झोपत नसे. मात्र कागद इतका संथ सरके, की जवळच्या भूकंपाच्या जलद लहरी एकमेकींत मिसळून त्या जागी केवळ काळा पट्टा उरे.

कोयना धरणात बसवलेल्या त्वरणलेखकाने, म्हणजे जमिनीच्या धक्क्याचा जोर मोजणाऱ्या यंत्राने, उलट मार्ग धरला. ते एरवी निपचित असे. जमीन ठरावीक मर्यादेपलीकडे हलली, की त्यातील लहान दोलक विद्युतमंडल जोडून देई आणि मग दिवा लागून कागद वेगाने धावू लागे. १९६७ च्या ६.३ तीव्रतेच्या भूकंपात या यंत्राने गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट इतका धक्का नोंदवला. धरणाच्या आराखड्यात केवळ ०.०५ हा गुणांक धरलेला असल्यामुळे ही नोंद पुढे जगभरच्या धरण अभियंत्यांच्या अभ्यासाचा विषय झाली. या पद्धतीत एक उणीव होती: दोलक हलेपर्यंतची सुरुवातीची हालचाल कागदावर येतच नसे.

ही उणीव अंकीय नोंदणीने भरून काढली. तीत जमिनीची हालचाल सेकंदाला, उदाहरणार्थ, शंभर वेळा आकड्यांत मोजली जाते आणि ताजे आकडे स्मृतीत येत असताना जुने पुसले जातात, त्यामुळे इशारा मिळाल्यावर धक्क्याआधीचे क्षणही हाती राहतात. इशाऱ्याची रुळलेली रीत दोन सरासऱ्यांच्या गुणोत्तराची आहे: गेल्या एखाद्या सेकंदाची सरासरी हालचाल गेल्या अर्ध्या-एक मिनिटाच्या सरासरीच्या कित्येक पट झाली, की नोंद जपून ठेवली जाते. दीर्घ सरासरी त्या जागेचा नेहमीचा गोंगाट दाखवत असल्यामुळे रात्रीची शांतता आणि दिवसाची वर्दळ या दोन्हींत एकच नियम चालतो.

२०१६ नंतर रास्पबेरी शेकसारखी छोटी यंत्रे मिळू लागल्यावर हा पहारा हौशी अभ्यासकाच्या घरापर्यंत आला. वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूरसारख्या तालुक्याच्या गावी असे यंत्र मांडल्यास त्याची खरी कसोटी गोंगाटाशी लागेल, कारण तालुक्यातील जामवरून नागपूर-हैदराबाद महामार्ग जातो आणि ईशान्येला उमरेडच्या कोळसा खाणींत सुरुंग उडतात. येथे अंकीय गाळण, म्हणजे नको असलेल्या वारंवारतेच्या लहरी गणिताने वगळण्याची क्रिया, उपयोगी पडते. दूरच्या मोठ्या भूकंपाच्या पृष्ठलहरींना एका हेलकाव्यास वीसेक सेकंद लागतात, तर ट्रकची थरथर सेकंदाला अनेकदा होते, म्हणून त्या सहज वेगळ्या काढता येतात. जवळच्या लहान भूकंपाच्या लहरी मात्र त्याच थरथरीच्या पट्ट्यात येत असल्याने गाळणी घट्ट केली, की भूकंपही गाळला जातो.

सुरुंग तर गाळणीला मुळीच ओळखू येत नाही. तो बहुधा दिवसा आणि ठरल्या वेळी उडतो, आणि त्याची पहिली लहर सर्व दिशांना जमीन बाहेर ढकलते, तर भूकंपाची पहिली लहर काही दिशांना ढकलते व काही दिशांना ओढते. पहिल्या लहरीचा हा भेद एका यंत्राच्या नोंदीतून ठरत नाही. त्यासाठी वेगवेगळ्या गावांतील नोंदी शेजारी मांडाव्या लागतात आणि त्या वाचणारा माणूस लागतो. किल्लारी १९९३ मध्ये लागू असलेल्या भूकंपधोक्याच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होते, हे लक्षात घेता विदर्भातील शांत समजल्या जाणाऱ्या गावांतही असा पहारा असणे वावगे ठरत नाही.