आधी फिक्स, मग रूट कॉज

पलूस तालुका म्हटलं की द्राक्षं आठवतात आणि किर्लोस्करवाडी, म्हणजेच पंप! लक्ष्मणरावांनी ही वसाहत १९१० साली वसवली. चारच वर्षांनी, १९१४ मध्ये, अमेरिकेत जॉन एबल यांनी वेगळाच उपसा करून बघितला. कुत्र्यांचं रक्त काढायचं, प्लाझ्मा बाजूला करायचा आणि पेशी परत सोडायच्या. 'प्लाझ्माफेरेसिस' हे नावही त्यांचंच.

या युक्तीचं खरं चीज केलं ते टीटीपी नावाच्या आजाराने. १९२४ साली न्यूयॉर्कच्या एली मॉशकोविट्झ यांनी एका १६ वर्षांच्या मुलीची केस मांडली. ताप आला, अशक्तपणा आला आणि थोड्याच दिवसांत ती गेली. बारीक रक्तवाहिन्यांत जागोजागी गुठळ्या सापडल्या. पुढची पन्नासएक वर्षं या आजारात दहापैकी नऊ जण दगावत.

१९७० च्या दशकात डॉक्टरांना दिसलं की निरोगी माणसाचा प्लाझ्मा दिला की पेशंट सुधारतो. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं! मग १९९१ साली कॅनडात १०२ पेशंटवर तुलना झाली. नुसता प्लाझ्मा चढवलेल्यांपैकी सहा महिन्यांनी ६३ टक्के जिवंत होते. जुना काढून नवा घातलेल्यांपैकी ७८ टक्के.

रूट कॉज मिळाला १९९८ मध्ये. रक्तातल्या एका चिकट प्रथिनाच्या लांब साखळ्या कापणारं एक एन्झाइम असतं (आता त्याला अ‍ॅडॅमटीएस-१३ म्हणतात). शरीर स्वतःच त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवतं, कात्री बंद पडते आणि गुठळ्या होतात. म्हणजे प्लाझ्मा बदलताना अँटीबॉडी बाहेर जाते आणि नवी कात्री आत येते. एका दगडात दोन पक्षी!

आज वेळेवर उपचार मिळाले तर दहापैकी आठ-नऊ जण वाचतात. पण 'वेळेवर' हीच खरी गोम आहे. पावसाळ्यात प्लेटलेट घसरल्या की आपल्याकडे पहिला संशय डेंग्यूचा, आणि बहुतेकदा तो बरोबरही असतो. टीटीपीत मात्र नुसत्या प्लेटलेट चढवून मूळ दुखणं जात नाही. प्लेटलेट कमी आणि सोबत तुटलेल्या लाल पेशी, ही त्याची खूण. ती दिसायला लागते रक्ताची एक स्लाइड, साधा मायक्रोस्कोप आणि बघणारा जाणता डोळा. प्लाझ्मा बदलायचं मशीन मोठ्या शहरात असेल, पण स्लाइड पलूससारख्या गावातही बघता येते. आणि मशीनपर्यंत पोचेस्तोवर प्लाझ्मा चढवत राहिलं तर तेवढाच वेळ हाताशी येतो.

रूट कॉज कळायच्या आधीच लोक वाचायला लागले होते, मंडळी. आता तर तोही कळलाय. उरलंय ते फक्त वेळेत ओळखणं.