खटला क्रमांक ४१८३/९८

दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयात फेब्रुवारी १९९८ मध्ये दाखल झालेल्या या खटल्याच्या पक्षकारांत रुग्ण कुठेच नाहीत. अर्जदार म्हणजे औषध उत्पादकांची संघटना आणि बड्या कंपन्या. पहिले प्रतिवादी राष्ट्राध्यक्ष नेल्सन मंडेला. तक्रार होती १९९७ च्या औषध कायद्यातल्या दुरुस्तीबद्दल, मुख्यतः कलम १५-सीबद्दल. पेटंट असलेलं औषध परदेशात स्वस्त मिळत असेल तर तिथून आणण्याची वाट या कलमाने मोकळी होत होती. मालमत्तेचा हक्क, मंत्र्यांचे बेलगाम अधिकार, जागतिक व्यापार करार: कंपन्यांचा सगळा युक्तिवाद याच भाषेत आहे.

तीन वर्षं कायदा अडून राहिला. एचआयव्हीची लागण झालेली लाखो माणसं असलेल्या देशात तीन वर्षं म्हणजे काय, हे अर्जात लिहिलेलं नाही.

ते दफ्तरात आलं ६ मार्च २००१ ला. त्या दिवशी न्यायाधीश बर्नार्ड न्गोएपे यांनी ‘ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन’ या रुग्णांच्या उपचारांसाठी लढणाऱ्या संघटनेला न्यायमित्र म्हणून बाजू मांडू दिली. संघटना १० डिसेंबर १९९८ ची. म्हणजे खटलाच तिच्याहून जुना. तिच्या प्रतिज्ञापत्रांनी औषधांच्या किमती आणि त्यापायी उपचारांवाचून राहिलेली माणसं न्यायालयापुढे उभी केली. आता कंपन्यांना किमतींचं लेखी समर्थन करणं भाग होतं. त्यांनी मुदत मागितली, सुनावणी १८ एप्रिलवर गेली, आणि १९ तारखेला ३९ कंपन्यांनी खटला मागे घेतला.

तारखांचा क्रम बोलका आहे. तरीही सगळं श्रेय एकाच संघटनेला देणं मला पटत नाही. फेब्रुवारीतच मुंबईच्या सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये ‘मेदसां सां फ्राँतिए’ या डॉक्टरांच्या संघटनेला देऊ केला होता. मूळ कंपन्यांच्या दराने तो दहा हजारांच्या पुढे जाई. या आकड्यामुळे किमतीचा मुद्दा कोणालाच टाळता येईना. नोव्हेंबरमध्ये दोहा जाहीरनाम्यात जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्य देशांनी मान्य केलं, की पेटंटविषयक करार सार्वजनिक आरोग्याच्या आड येऊ नये.

पण सरकार जिंकलं म्हणून रुग्ण जिंकले नव्हते. ऑगस्ट २००१ मध्ये ‘ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन’ त्याच न्यायालयात, या वेळी सरकारविरुद्ध अर्जदार म्हणून आली. आईकडून बाळाला होणारी लागण रोखणारं नेव्हिरापिन उत्पादक फुकट द्यायला तयार होता. सरकारने मात्र ते प्रत्येक प्रांतात दोनच चाचणी-केंद्रांपुरतं ठेवलं होतं. ५ जुलै २००२ रोजी घटना न्यायालयाने ही बंधनं हटवण्याचा आदेश दिला.