कामिनी कोण?

दिवाळीच्या साफसफाईत यंदा आजोबांची फोनोची पेटी माळ्यावरून खाली आली. तिच्याबरोबर जुन्या तबकड्याही आल्या. माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली होती, तिने एक तबकडी पुसून वाचली आणि विचारले, "सर, ही कामिनी कोण?"

तबकडी १९४९ च्या 'महल' चित्रपटाची. कामिनी हे त्यातल्या नायिकेचे नाव. गळा होता लता मंगेशकरांचा! ज्या गाण्याने देशाला वेड लावले, त्याच्या तबकडीवर गाणारीचे नावच नव्हते.

नावाची ही कथा, मग पैशाची काय सांगावी? गाणाऱ्याच्या हाती एकदा बिदागी पडली की व्यवहार संपला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानेही गायकाला हक्क दिला नाही. साठीच्या दशकाच्या आरंभी लताबाईंनी गायकांसाठी विक्रीतला वाटा मागितला. महंमद रफींना ते पटेना. दोघांनी काही वर्षे एकत्र गाणेच सोडले. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, मोबदला घेऊन चित्रपटासाठी रचलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, निर्माताच. गायकाला हक्क मिळाला तो १९९४ च्या दुरुस्तीने. आणि गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा कंपनीला लिहून देता येणार नाही, हे ठरायला २०१२ साल उजाडावे लागले.

मुलगी गप्प झाली. मग तिने पिशवीतून एक कागद काढला. शब्द तिचे, चाल तिची, गळाही तिचाच. एका कंपनीने थोडी रक्कम देऊन 'सर्व हक्क कायमचे' मागितले होते.

मी मॅट्रिक झालेला मास्तर, वकील नव्हे. पण कायदा वाचून पाहिला आहे. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षेच धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. म्हणजे कागद गप्प असेल तर कायदा कलावंताला सांभाळतो. 'कायमचे' या शब्दाखाली आपणच सही केली, तर तो तरी काय करणार?

"पण सही केली नाही, तर गाणे लोकांपुढे येणार कसे?" तिचे डोळे भरून आले.

"सही कर, पण आधी मुदत घाल, वाट्याचा आकडा घाल, हिशेब केव्हा मिळणार ते घाल. कागद वकिलाला दाखव, आणि एक प्रत घरी ठेव."

माझी लाल पेन्सिल घेऊन तिने 'कायमचे' खोडले आणि खाली एक ओळ वाढविली : गाण्याबरोबर माझे नाव छापावे.

कंपनीचे उत्तर अजून आलेले नाही.