काचेपलीकडची पोरं

एकट्या मुलाला विमानात बसवायचं तर आज काय लागतं? एक फॉर्म, थोडे जास्तीचे पैसे आणि पलीकडे घ्यायला आलेली मावशी. डिसेंबर १९६० पासून हवानाहून मायामीला निघालेल्या बऱ्याच मुलांना ही मावशी नव्हतीच.

क्युबात कॅस्ट्रो येऊन दोन वर्षं होत आली होती. सरकार मुलांवरचा आईबापांचा हक्कच काढून घेणार, अशी आवई उठली. सीआयएच्या रेडिओ स्वाननं ती आणखी फुगवली. असा कायदा कधी आलाच नाही! पण घाबरलेल्या आईबापांना हे सांगणार कोण? त्यात १९६१ मध्ये खाजगी शाळा खरोखरच सरकारजमा झाल्या. मायामीतल्या फादर ब्रायन वॉल्श यांना अमेरिकेनं मुलांना व्हिसाशिवाय आणायची मुभा दिली आणि ऑक्टोबर १९६२ पर्यंत १४,००० हून जास्त मुलं एकटी आली. ऑपरेशन पीटर पॅन म्हणतात ते हेच.

हवाना विमानतळावर काचेची एक खोली होती. लोक तिला 'पेसेरा' म्हणायचे, म्हणजे माशांची टाकी. आत पोर, बाहेर आईबाप. बोललेलं ऐकू यायचं नाही, मग नुसत्या खाणाखुणा. पुढे जेमतेम तासाभराचं उड्डाण. थोड्या महिन्यांचाच तर प्रश्न, असं बहुतेकांना वाटत होतं.

मग क्षेपणास्त्रांचा पेच उभा राहिला आणि विमानंच बंद झाली. ज्यांना नातेवाईक नव्हते ती मुलं छावण्या, अनाथाश्रम आणि परक्यांच्या घरांत विखुरली. डिसेंबर १९६५ मध्ये विमानं पुन्हा सुरू झाली, तेव्हा कुठे अनेकांचे आईबाप येऊ शकले. सहाव्या वर्षी निघालेलं पोर तोवर दहा-अकराचं झालेलं, आणि काहींची तर स्पॅनिशही सुटलेली.